औषधाची खोड

आबांना कशालाच नावं ठेवता येत नसत. पहिले काही दिवस मला हा त्यांचा मोठा गुण वाटला. मग कळलं, की माझ्या कामात माणसाला याच्याइतकी वाईट सवय दुसरी असू शकत नाही.

आधी माझं काम सांगते. तळेगावच्या एका रुग्णालयात नव्या औषधांच्या चाचण्या चालतात, तिथे मी कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे डॉक्टर डोकं चालवतात, नर्स हात चालवते आणि मी फॉर्म भरते. औषध घेतल्यावर कुणाला नुसता ठसका लागला तरी तो किती वाजता लागला, किती वेळ टिकला, आपोआप थांबला का, हे सगळं लिहिल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. घरी नवरा शिंकला तरी मी घड्याळाकडे बघते, असं तो चारचौघांत सांगतो. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

आबा आमच्याकडे आले ते थकलेलं हृदय घेऊन. आंदर मावळातले शेतकरी, पासष्ट ओलांडलेले, उंच, खांद्याला थोडे वाकलेले. पायावर सूज, आणि चार पावलं चढण आली की बसावं लागे. ‘बसावं लागतं’ असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. “बसलं की डोंगर दिसतो, ताई. चालताना कुटं दिसतो?” असं म्हणाले. ते मी ‘धाप लागते’ या रकान्यात कसं लिहायचं?

एकदा त्यांना आणायला ठरवलेली जीप गेलीच नाही. आबा यष्टीने आले, दोन तास उशिरा, घामाने निथळत. मी ड्रायव्हरवर तोंड सोडायच्या बेतात होते. आबा म्हणाले, “त्याला काय बोलू नगा. यष्टीत खिडकी मिळाली. लय दिसांनी खिडकी मिळाली.” वॉर्डातलं बिनमिठाचं जेवण बघून बाकीचे पेशंट तोंड फिरवायचे. आबा ती अळणी आमटी भुरकून वाटी चाटूनपुसून ठेवत आणि वाढणाऱ्याला सांगत, “हलकं लागतं पोटाला.” शेजारच्या खाटेवरचा माणूस दिवसाढवळ्या घोरायचा, सगळा वॉर्ड वैतागलेला. आबांचं म्हणणं, सोबत असल्यासारखं वाटतं.

माणसं चालत आली की ते चेहऱ्याकडे बघत नसत, आधी पायांकडे बघत. पहिल्याच भेटीत माझ्याकडे असं खाली बघत राहिले की मला साडीची निरी सुटली की काय असं वाटलं. मग म्हणाले, “डावी चप्पल लय इमानी हाय तुमची. सगळा भार तीच घेती.” घरी जाऊन बघितलं तर डावी टाच खरंच झिजलेली होती. माझा उजवा गुडघा दुखतो हे तोवर मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. एवढं दिसणारा माणूस स्वतःबद्दल काहीच कसं बोलत नाही, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मी फॉर्म भरत होते.

औषध समजावून सांगताना आमच्या सरांनी टेबलावर मण्यांची माळ ठेवली होती. सर हृदयाचे डॉक्टर, तापट, पण पेशंटला समजावताना त्यांच्यासारखा गोड माणूस नाही. ते म्हणाले, “आबा, हृदयावर ताण आला की ते स्वतःच एक निरोप पाठवतं. पाणी बाहेर काढा, रक्ताच्या नळ्या सैल करा, असा. तो निरोप म्हणजे अशी एक बारीक माळ असते, पेप्टाइड म्हणतात तिला. पण ती लवकर तुटते. म्हणून शास्त्रज्ञांनी काही मणी बदलून, आधी कागदावर आखून, नवी माळ ओवली आहे. ती जास्त टिकेल अशी आशा आहे. निरोगी माणसांना देऊन झाली, आता हृदयाच्या पेशंटना पहिल्यांदाच देतोय.”

आबांनी माळ हातात घेऊन एकेक मणी चाचपला. “म्हंजी पैदाशीची न्हाई. घडवल्याली.”

“बरोबर. आणि तुम्हाला औषध मिळेल की नुसतं मिठाचं पाणी, ते आम्हालाही माहीत नसेल. शिवाय एका इंजेक्शनने तुमचं हृदय काही सुधारणार नाही. हे सगळं आम्ही शिकण्यासाठी करतोय.”

“मंग मागनं येनाऱ्याच्या उपेगाचं,” आबा म्हणाले. “धरा नांगराला. धरल्याबगर कळत न्हाई.”

संमती कॅमेऱ्यासमोर घ्यावी लागते. मी विचारलं, “आबा, या औषधाचे धोके तुम्हाला समजले का?” आबा कॅमेऱ्याकडे बघून हसले. “तुमी एवढ्या मायेनं देताय, त्यात कसला धोका?” पुन्हा सगळं समजावलं, पुन्हा रेकॉर्डिंग. चौथ्या वेळी त्यांनी धोके बरोबर सांगितले, बोटांवर मोजून, रक्तदाब उतरू शकतो, चक्कर येऊ शकते, मळमळू शकतं. आणि शेवटी जोडलं, “पर तसं काय व्हायाचं न्हाई, सायब चांगलं हायत.” सरांनी कपाळाला हात लावला. तरी माणसाला सगळं समजलंय हे दिसत होतं, म्हणून पुढे गेलो.

बुधवारी सकाळी पोटावर इंजेक्शन दिलं. ठरलेल्या तासांना रक्त काढायचं, ठरलेल्या तासांना रक्तदाब मोजायचा, आणि प्रत्येक वेळी मी विचारायचं, “आबा, काही त्रास?” अकरा वेळा विचारलं. अकरा वेळा उत्तर आलं, “झ्याक.” कसंतरी, अस्वस्थ, हलकंसं, असं काहीतरी म्हणा हो, असं मी मनात म्हणत होते. रक्तदाब सहाव्या तासाला थोडा खाली होता, पण ठरवलेल्या मर्यादेत. मी अकरा रकान्यांत ‘नाही’ लिहिलं. शुक्रवारी आबा सगळ्यांना, अगदी ईसीजीच्या मशीनलाही हात जोडून घरी गेले.

त्या गटातले आबा शेवटचे. सोमवारी बैठक होती. सगळं सुरळीत असेल तर पुढच्या गटाला दुप्पट मात्रा द्यायची, आणि पुढच्या गटातल्या पहिल्या बाई मंगळवारी भरती होणार होत्या. स्टेशनजवळ शिवणकाम करायच्या, एकट्या राहायच्या. पिशवी भरून ठेवलीय, म्हणून त्यांचा फोनही येऊन गेला होता.

शनिवारी दुपारी मी कागद जुळवत बसले होते. वॉर्डात सफाई करणाऱ्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, “त्ये आबा गेलं व्हय? लय गमतीशीर माणूस. त्या दिशी संडासाच्या दारात खाली बसल्यालं. म्या म्हनलं, आबा, काय झालं? तर म्हनत्यात, फरशी लय गार हाय तुमची, बसावंसं वाटलं.”

माझ्या हातातलं पेन थांबलं. “कुठल्या दिवशी, मावशी?”

“सुई दिली त्या दिशी. तोंड ह्ये पांढरं झाल्यालं. पर हसत हुतं.”

मी लगेच आबांना फोन लावला. आबा म्हणाले, “फरशी खरंच गार व्हती, ताई,” आणि फोन ठेवला. सरांना सांगितलं. ते म्हणाले, “मावशी म्हणतात तेवढ्यावर मी बैठकीत काय मांडू? किती वाजता, किती वेळ, शुद्ध गेली का, पडले की बसले? त्याच्या तोंडून आण.” रागावून म्हणाले, पण बरोबर म्हणाले.

रविवारी सकाळी स्कूटी काढली. उन्हाळा सरत आला होता. भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबांचे काळे चौकोन दोन्ही बाजूंना, आणि रस्ता संपला तिथून पुढे पाऊण तास पायवाट. माझ्या इमानी डाव्या चपलेची परीक्षाच होती ती. वाटेत मला दोन गोष्टींचा राग येत होता. एक आबांचा, आणि दुसरा स्वतःचा. अकरा वेळा एकच उत्तर देणाऱ्या माणसाला मी बाराव्यांदा वेगळ्या रीतीने विचारायला हवं होतं.

आबा ओट्यावर होते. तोंडभर हसले. पाणी आलं, गूळ आला. मी विचारलं, “आबा, खरं सांगा, चक्कर आली होती ना?”

“तुमी एवढ्या लांब चालत आलासा,” ते म्हणाले. “पाय शेका जरा.”

आत चुलीपाशी त्यांची बायको, आजी, होत्या. मी वैतागून त्यांच्याकडे गेले. म्हटलं, “आजी, तुम्ही तरी सांगा. हे कधीच कशाची तक्रार करत नाहीत का हो?”

आजी मोठ्यांदा हसल्या. “ह्ये? तक्रार करत न्हाईत? आमटीत मिठाचा खडा कमी पडू दे, ताट सरकवत्यात. भाकर जाड झाली, बोलनं. पातळ झाली, बोलनं. चाळीस वरसं ऐकतीय. बाहेर मातुर निस्ता द्येव मानूस.” मग भाकरी थापत पुढे म्हणाल्या, “पाव्हन्यानं नाव ठिऊ न्हाई, आसं त्यांचं म्हननं. नाव ठेवायचं त्ये घरच्यानं.”

मी ओट्यावर परत आले तर अंगणात शेजारच्या वाडीतला एक जण बैल घेऊन उभा. वर चढावरच्या खाचरांत अजून टिलर जात नाही, तिथे भातलावणीआधीच्या चिखलणीला बैलच लागतो, आणि तो बैल याने बाजारातून बोलीवर आणला होता. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत. आबांना दाखवायला आणलेला. तेव्हा मला कळलं की पंचक्रोशीतले लोक बैल घ्यायचा तर आधी आबांना विचारतात. 

आबा उठले. बैलाला दोन वेळा पुढे चालवायला लावलं, एकदा मागे. वशिंडाखाली हात घातला, खूर उचलून बघितले, दात बघितले. आणि मग माझ्या ओळखीचे आबा कुठे गेले ते मला कळेना.

“चार दाताचा चौसा सांगितलाय, पर सगळं दात जुळल्यालं, वय झाल्यालं हाय. खांदा सुजून उतरल्याला, वर त्याल चोळलंय. डावा मागला पाय टाकताना राखतो. आन हा बसका हाय. सकाळी चांगला चालंल, दुपारी चिखलात बसनार. उठायचा न्हाई. परत दे.”

“आबा, पर दिसाया...”

“दिसाया मीबी चांगला दिसतो. परत दे.”

माणूस बैल घेऊन निघाला. जाताना त्याने बरोबर आणलेली दुधाची चरवी पुढे केली, तर आबा म्हणाले, “पारख झाली, आता चालंल,” आणि घेतली. मी विचारलं, म्हणजे काय. आबा ओट्यावर बसले, दम घेतला, मग सांगितलं. तरुणपणी एकदा चाकणच्या बाजारात ते एकासाठी बैल पारखायला गेले होते. विकणारा ओळखीचा निघाला, त्याने आग्रहाने जेवू घातलं. बैल मारका होता, हे आबांना डोळ्यांवरूनच कळलं होतं. पण जेवल्या ताटाला नाव कसं ठेवायचं? गप्प राहिले. आठ दिवसांत बैलाने घेणाऱ्याच्या बरगड्या मोडल्या.

“तवापासनं इकनाऱ्याचा च्या सुदिक घ्येत न्हाई, घेनाऱ्याचाबी पारख झाल्याबगर न्हाई. आदी पारख, मंग च्या.”

तीन दिवस आम्ही या माणसाला दोन वेळचं जेवण, नाश्ता, अंघोळीला गरम पाणी आणि घरी जाताना शाल दिली होती. आणि मग त्याला विचारत होतो, की आमच्या औषधात काही खोड आहे का!

“आबा,” मी म्हटलं, “आम्ही तुम्हाला विकणारे वाटलो का?”

“मंग? औशद तुमचंच न्हवं?”

“नाही हो. औषध कंपनीचं. आम्ही पारख करणारे. तुमच्यासारखेच. आम्हाला दात बघता येतात, खूर बघता येतात, पण नांगराला धरलं होतं तुम्ही. आणि मंगळवारी एक बाई येणार आहेत. त्यांना तुमच्या दुप्पट द्यायचं म्हणतायत.”

“बाई?”

“एकट्या राहतात. वरच्या मजल्यावर.”

आबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. मग खाली बघत म्हणाले, “आदी सांगायचं न्हाई व्हय, तुमी कुन्या बाजूच्या त्ये.”

आणि सांगायला लागले. तशाच आवाजात, जसं बैलाचं सांगितलं होतं. “दुपारचं जेवान झालं. ताट न्येलं. सिस्टरनं पाचव्यांदा रगत काढलं, तुमी वहीत लिवलं, भाईर गेलासा. मंग मी उठलो. उठल्याबरुबर काय न्हाई. दारापातूर ग्येलो आन डोळ्याम्होरं अंधार आला. कानात पानी पडल्यावानी आवाज. भिताडाला धरून बसलो. पडलो न्हाई, बसलो. सूद व्हती. मावशीनं अर्धी खोली पुसली तवर तसंच. मंग उजाडलं. दुसऱ्यांदा सांच्याला, खाटंवरनं पाय खाली सोडले तवा. त्ये कमी व्हतं. हात गार पडत्यात आदी. हात गार पडलं की समजायचं आलं.”

मी लिहीत होते. माझी इतकी वर्षांची नोकरी झाली, अनेक शिकलेली माणसं त्रास सांगून गेली, पण इतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. पाचवं रक्त कधी काढलं ते माझ्याच अक्षरात वहीत होतं. त्यानंतर सहाव्या तासाच्या रक्तदाबापर्यंत मधे कुणीच त्यांच्याजवळ नव्हतं. बैल मधेच बसला होता आणि आम्ही त्याच्या आधी आणि नंतर बघत होतो.

“मला निस्तं पानीच दिलं आसंल तर?” आबांनी मधेच विचारलं.

“तर औषधाचा दोष नाही. पण सांगायचं तर लागतंच.”

“व्हय. सांगायचं तर लागतंच.”

सोमवारी सरांनी बैठकीत सगळं मांडलं. माझ्या अकरांपैकी चुकलेले ‘नाही’ खोडून, तारीख घालून, सही करून, कारण लिहून द्यावं लागलं. लाज वाटली, पण ती वाटायलाच हवी होती. मात्रा दुप्पट करायची नाही, थोडीच वाढवायची असं ठरलं. आणि चौथ्या तासापासून पेशंट एकटा उठणार नाही, नर्स शेजारी बसेल, मधे दोनदा जास्त रक्तदाब घेतला जाईल.

शिवणकाम करणाऱ्या बाई मंगळवारी आल्या. इंजेक्शननंतर दुपारी जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, “सिस्टर, हात गार पडल्यासारखे वाटतायत.” नर्सला मी आबांचं वाक्य पाठ करून ठेवायला लावलं होतं. तिने त्यांना तिथल्या तिथे आडवं केलं, पाय वर घेतले. दहा मिनिटांत बाई उठून बसल्या आणि ब्लाउजची बाही कशी बेतावी ते नर्सला शिकवायला लागल्या. मी कोपऱ्यात उभी होते. मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन कँटीनमधला तो भयंकर चहा दोन कप प्यायले.

आबांना हे सांगता येत नव्हतं. एका पेशंटची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नसते, आणि ओट्यावर मी आधीच जास्त बोलले होते. पुढच्या भेटीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, “बैल कुटवर आला?” मी म्हटलं, “पारख चालू आहे, आबा. अजून बरीच वर्षं चालेल. पण खोड बरोबर सांगितलीत. आता दुपारी कुणीतरी जवळ बसतं.” त्यांनी मान हलवली आणि माझ्या पायांकडे बघितलं. मी नव्या चपला घेतल्या होत्या. “आता दोनी सारख्या झिजत्याल,” म्हणाले.

त्यांची शेवटची भेट पावसाळ्यात झाली. तपासण्या झाल्या, नेहमीच्या गोळ्या बांधून दिल्या. जाताना एक फॉर्म असतो, त्यातला शेवटचा प्रश्न, आमच्याबद्दल काही तक्रार आहे का. कँटीनचा चहा आला होता. आबा घोट घेत होते. मी विचारायचं म्हणून विचारलं आणि उत्तर यायच्या आधीच पेन ‘नाही’च्या चौकोनावर नेलं. एवढं सगळं होऊन माझी सवय काही गेली नव्हती.

आबांनी कप खाली ठेवला.

“हाय.”

“काय?”

“च्या. ह्यो च्या हाय का गढूळ पानी? पत्ती घालता का निस्ती दावता? पैल्या दिसापासनं पितोय. आन ती आमटी. मीठ घालायचं न्हाई म्हंजी लसूनबी घालायचा न्हाई का? आन त्यो घोरनारा! एक डोळा लागला न्हाई माजा. आन तुमचा त्यो जीपवाला...”

आबा बोलत होते, मोठ्या आवाजात, हातवारे करत. शेजारच्या टेबलावरून नर्स वळून बघायला लागली. मला आजींचं चुलीपुढचं बोलणं आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. फॉर्मवर दोनच ओळी होत्या. मी एक कोरा कागद जोडला.

“लिवताय का?” आबांनी दरडावून विचारलं.

“लिहिते, आबा.”

मी तक्रारीच्या रकान्यात सगळ्यात वर चहा लिहिला. पुढे वेळ लिहिली. आणि ‘कधीपासून’ असा रकाना असतो, त्यात लिहिलं, पहिल्या दिवसापासून.